गहू सोडण्याआधी एक रक्ततपासणी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे : घरातल्या कोणीतरी गहू सोडला, बरं वाटलं, मग बाकीच्यांनीही सोडला, तपासणी मात्र कोणाचीच झाली नाही. त्यांतली आठ पत्रं या अंकात घेतली आहेत. पोटविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

मुलगा आणि सून तीन महिन्यांपासून गव्हाचं काहीही खात नाहीत. मुलाचं पोट फुगायचं, ते कमी झालं म्हणतो. सुनेला काही त्रास नव्हता, पण तिनेही सोबत म्हणून सोडलं. आता चार वर्षांच्या नातवाचीही पोळी बंद करायची म्हणतात. डॉक्टरांना कोणी विचारलेलं नाही. मी काही बोलले की वाद होतो. — एक आजी, नाशिक

आजी, तुमची काळजी रास्त आहे. वाद मात्र ‘पोळी खा की नको’ यावर घालू नका. मुलाला एवढंच सांगा, की एकदा रक्त तपासून घे. ही तपासणी गहू खाणाऱ्याच्याच रक्तात नीट दिसते, म्हणून घाई आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनाला ग्लुटेन म्हणतात. काही लोकांची रोगप्रतिकारशक्ती ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे उंचवटे असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. हा सिलियाक आजार. तो पकडायची पहिली पायरी म्हणजे ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ततपासणी (उलटलेल्या प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रतिद्रव्यं ती मोजते), आणि तिच्यासोबत ‘टोटल आयजीए’. दुसरी तपासणी का, तर काही जणांच्या शरीरात आयजीए, म्हणजे या प्रतिद्रव्यांचा प्रकार, मुळातच फार कमी बनतं. अशांची टीटीजी खोटी नॉर्मल येते आणि त्यांना आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांची तपासणी लागते. पैसे वाचवायला टोटल आयजीए गाळू नका.

आता अडचण अशी, की ग्लुटेन बंद झालं की रक्तातली ही प्रतिद्रव्यं उतरायला लागतात आणि आतडंही भरून येऊ लागतं. साधारण सहा महिने ते वर्षभरात टीटीजी नॉर्मलवर येऊ शकते. तुमच्या मुलाला तीनच महिने झालेत, म्हणून त्याने आताच, आहे त्या आहारावर, तपासणी करून घ्यावी. वाढलेली आली तर पुढचा रस्ता मोकळा झाला. नॉर्मल आली तर मात्र ‘सिलियाक नाही’ असं म्हणता येणार नाही. त्यापुढे काय करायचं ते खालच्या पत्राच्या उत्तरात आहे.

‘बरं वाटतंय ना, मग नाव कशाला हवं?’ असं मुलगा म्हणेल. नाव हवं, कारण सिलियाकमध्ये पथ्य जन्मभराचं आणि कणाकणाचं असतं. पोट फुगतं म्हणून स्वतःहून गहू सोडलेला माणूस रविवारी समोसा खातो, चहासोबत दोन बिस्किटं चालवून घेतो. त्याला सिलियाक नसेल तर काही बिघडत नाही. असेल, तर पोट शांत वाटत असतानाही आतड्याची झीज चालू राहते, आणि पुढे रक्त कमी होणं, हाडं ठिसूळ होणं, मूल राहण्यात अडचण असे प्रश्न येतात. शिवाय हा आजार घराण्यात चालतो. एकाचं निदान झालं की बाकीच्यांनाही वेळेत तपासता येतं.

नातवाचा गहू बंद करू नका, यावर आम्ही ठाम आहोत. त्याची उंची-वजन वयाप्रमाणे वाढत असेल, शी नीट होत असेल, चेहरा फिकट नसेल, तर त्याला सध्या तपासणीचीही गरज नाही. यातलं काही खटकत असेल, किंवा वडिलांचं निदान झालं, तर त्याची तपासणी लगेच करा. तो रोज पोळी खातो आहे, म्हणून त्याचा रिपोर्ट विश्वासाचा येईल. आज पोळी बंद केलीत तर ही सोय हातची जाईल.

आणखी एक. मुलांची पोळी बंद झाली की बहुतेक घरांत तिच्या जागी भाकरी येत नाही, भात येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १० आणि पांढऱ्या तांदळात ३ पेक्षाही कमी. प्रथिनं कणकेत साडेदहा ग्रॅम, ज्वारीत दहा, तांदळात आठच्या आसपास. म्हणजे पोळीऐवजी भाकरी खाल्ली तर ताटात फारसा फरक पडत नाही, पोळीऐवजी भात खाल्ला तर मुलाला बद्धकोष्ठ होऊ शकतं. साबुदाण्यात तर पिष्टाशिवाय जवळपास काही नाही. तो रोजचा पर्याय म्हणून धरूच नका.

वय ३१. पाच महिने ग्लुटेन पूर्ण बंद. जुलाब थांबले. आता टीटीजी केली तर नॉर्मल. डॉक्टर म्हणतात पुन्हा गहू खाऊन तपासू. मला भीती वाटते. दुसरा मार्ग नाही का? — पुणे

आहे, पण अर्धाच. सिलियाक होण्यासाठी डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी एक जनुक अंगात असावं लागतं. ही जनुकं पाहणारी एचएलए तपासणी आहारावर अवलंबून नसते. पाच महिने काय, पाच वर्षं गहू बंद असला तरी निकाल तोच येतो. दोन्ही जनुकं नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच असं समजा आणि गहू पुन्हा खाऊन तपासायचा खटाटोप टाळा. जनुक सापडलं तर मात्र काही सिद्ध होत नाही. निरोगी लोकांतही साधारण तिसरा हिस्सा, काही गणनांत त्याहून थोडे जास्त लोक हे जनुक बाळगून असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ही तपासणी महाग आहे, पण तुमच्यासारख्या परिस्थितीत तिचा पैसा वसूल होतो.

जनुक सापडलं तर डॉक्टर म्हणतात तेच करावं लागेल. त्याचा हिशोब असा : मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, तीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. रोज किमान दोन पोळ्या, एक सकाळच्या आणि एक रात्रीच्या जेवणात, अशा सहा आठवडे खायच्या आणि मग टीटीजी करायची. पहिले तीन-चार दिवस अर्ध्या पोळीने सुरुवात केलीत तर सोसायला सोपं जातं. त्रास फारच झाला तर गुपचूप बंद करून टाकू नका. डॉक्टरांना कळवा. दोन आठवडे जरी नेमाने खाल्लेलं असेल तरी त्या टप्प्यावर तपासणी करून काही हाती लागू शकतं. लोक चुकतात ते इथे : ‘आठवड्यातून दोनदा खातो की’ म्हणतात, प्रतिद्रव्यं वाढायला तेवढं ग्लुटेन पुरत नाही, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळा त्रास वाया जातो.

गरोदरपणात किंवा महत्त्वाच्या परीक्षेच्या तोंडावर हे सुरू करू नका. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं कधी झालं असेल, तर ती गव्हाची अ‍ॅलर्जी असू शकते. तिची तपासणी वेगळी असते, आणि अशा माणसाने घरी गहू खाऊन बघायचंच नाही.

टीटीजी वाढलेली आली तर मोठ्या माणसाची एंडोस्कोपी होते. लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन घ्यावेत अशी शिफारस आहे, कारण झीज सलग नसते, मधूनमधून असते. डॉक्टरांना आधी विचारून ठेवायला हरकत नाही. एंडोस्कोपी होईपर्यंत पोळी चालू ठेवा. रक्ताचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी गहू बंद करणारे लोक पुढच्या तपासणीला स्वतःच अडचणीत आणतात. लहान मुलांत टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर तुकडा न काढता निदान करण्याची मुभा युरोपच्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०२० सालच्या सूचनांत दिली आहे. तो निर्णय तज्ज्ञाचा.

एका लॅबमधून दोनशेहून जास्त पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी केली. आयजीजी तक्त्यात गहू, दूध, अंडं, हरभरा लाल रंगात आलं. सगळं सोडायचं का? — कोल्हापूर

नाही. अन्नाविरुद्धचं आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, याची शरीराने ठेवलेली नोंद. रोज खाता त्याचंच जास्त दिसतं, म्हणून आपल्याकडच्या तक्त्यांत गहू, दूध आणि डाळी नेहमी लाल असतात. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे, की अन्न सोसत नाही याच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये. त्या कागदावर विसंबून दूध, अंडं आणि हरभरा एकदम सोडलात तर शाकाहारी घरात प्रथिनं आणायची कुठून, हा नवा प्रश्न उभा राहील. कागद बाजूला ठेवा आणि टीटीजी करून घ्या.

माझी टीटीजी नॉर्मल, तीही रोज पोळी खात असताना. एंडोस्कोपीही नॉर्मल. तरी पोळी खाल्ली की पोट तट्ट फुगतं, नाही खाल्ली की बरं वाटतं. घरचे म्हणतात मनाचे खेळ. — सांगली

त्रास खरा आहे. फक्त तो ग्लुटेनमुळेच आहे, असं धरून चालू नका.

गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची साखळीसारखी शर्करा असते. माणसाच्या आतड्याला ती पचवता येत नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. ज्याचं आतडं हळवं असतं, म्हणजे ज्याला आयबीएस म्हणतात, त्याला तोच वायू सोसत नाही. गहू सोडला की ग्लुटेन जातं आणि फ्रुक्टानही जातं. श्रेय मात्र ग्लुटेन सोडण्याला मिळतं.

हे तपासून पाहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने २०१३ मध्ये, सिलियाक नसलेल्या पण ग्लुटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या ३७ जणांना आधी अशा सगळ्या आंबणाऱ्या शर्करा कमी असलेल्या आहारावर ठेवलं आणि मग न सांगता ग्लुटेन दिलं. ग्लुटेनचा म्हणून वेगळा परिणाम दिसला नाही. नॉर्वेत २०१८ मध्ये ५९ जणांना आठवडाभर ग्लुटेनच्या, आठवडाभर फ्रुक्टानच्या आणि आठवडाभर दोन्ही नसलेल्या वड्या दिल्या, कोणती कधी ते न सांगता. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झालेले २४ जण होते, ग्लुटेनच्या आठवड्यात १३, आणि दोन्ही नसलेल्या आठवड्यात २२. या शेवटच्या आकड्याचा अर्थ ते २२ जण खोटं बोलत होते असा नाही. आता दुखणार, या धास्तीनेही आतडं आवळतं आणि खरोखर दुखतं. घरच्यांना हे वाचून दाखवा.

तुमच्याकडे करून बघण्यासारखं आधी हे : पोळी आहे तशी ठेवा आणि चार आठवडे कांदा-लसूण काढा. फ्रुक्टान त्यांतही भरपूर असतं, आणि आपल्या प्रत्येक भाजीच्या वाटणात ते दोन्ही असतात. गहू सोडूनही कांदा-लसणाचं वाटण तेवढंच चालू असलेल्या लोकांना अर्धवटच आराम पडतो, मग ते दूध सोडतात, मग डाळ सोडतात, आणि शेवटी ताटात काही उरत नाही. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या अख्ख्या तेलात परता, वास सुटला की काढून टाका, आणि त्या तेलात फोडणी करा, चव राहते. पाकळ्या रश्श्यात पडू देऊ नका, पाणी लागलं की फ्रुक्टान उतरलंच. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा.

यानेही जमलं नाही, तर ग्लुटेनचा सोक्षमोक्ष घरच्या घरी लावता येतो. मात्र सिलियाक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी दोन्ही नाहीत हे ठरलेल्या मोठ्या माणसानेच तो लावावा. आधी सहा आठवडे गहू पूर्ण बंद. मग सुटं ग्लुटेन पावडर आणा, बेकरीचं सामान मिळतं तिथे मिळते. १० ग्रॅम पावडरीत साधारण ८ ग्रॅम ग्लुटेन असतं आणि फ्रुक्टान नगण्य. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ज्वारीच्या पिठाचे दोन डबे तयार करायचे, प्रत्येकात ४२० ग्रॅम पीठ. एकात ७० ग्रॅम ग्लुटेन पावडर, दुसऱ्यात ७० ग्रॅम तांदळाची पिठी. दोन्हींत दोन-दोन चमचे इसबगोल घाला, नाहीतर ग्लुटेनचं पीठ हाताला चिवट लागून गुपित फुटतं. मळणं-थापणंही त्यांनीच करायचं. रोज त्या डब्यातलं ७० ग्रॅम पीठ घेऊन थालीपीठ, सात दिवस. मग एक आठवडा दोन्ही बंद, मग दुसरा डबा सात दिवस. कांदा-लसूण सर्व आठवडे सारखंच ठेवायचं. रोज रात्री आपल्या मुख्य त्रासाला शून्य ते दहा गुण लिहायचे. दोन्ही आठवड्यांच्या सरासरीत किमान ३० टक्के फरक पडला आणि ग्लुटेनचा आठवडा वाईट निघाला, तर ग्लुटेन सोसत नाही असं म्हणायला जागा आहे. तज्ज्ञांनी इटलीतल्या सालेर्नो इथे ठरवलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचंच हे घरगुती रूप. फरक पडला नाही तर पोळीला दोष देणं सोडा.

वजन उतरतंय, शौचात रक्त आहे, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतंय, हिमोग्लोबिन कमी आहे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झालाय, यातलं काहीही असेल तर हे प्रयोग करत बसू नका, पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

आम्ही ग्लुटेन सोडून खपली गहू सुरू केला. तोही चालत नाही असं आता कळलं. आणखी काय काय चुकत असेल? — सातारा

खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. चव सुंदर, लापशी उत्तम, पण सिलियाक असलेल्याला तो तितकाच घातक. काही जणांना साध्या गव्हापेक्षा तो हलका वाटतो. त्यांचं पोट मान्य करतं तर त्यांनी खावा, फक्त त्याला ग्लुटेनमुक्त म्हणू नये. आंबवलेल्या पिठाच्या पावालाही हेच लागू.

गहू दिसत नाही तिथे तो असतो, हे खरं. रवा, मैदा, दलिया आणि शेवया सगळ्यांना माहीत असतात. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुतेक घरांत मूठभर गहू पडतो. सातूचं पीठ जवाचं किंवा गव्हाचं असतं. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. चीक कितीही निथळला तरी थोडं ग्लुटेन मागे राहतं. बाजारच्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडेल. सोया सॉसमध्ये गहू असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून होतात. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हात मिसळत येतं. भारतात पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, तेवढं लिहिलेलंच पाकीट सिलियाकवाल्याने घ्यावं.

पण तुमच्या घरात निदान कोणाचं झालेलं नाही ना? मग हिंगाच्या चिमटीसाठी जीव टांगणीला लावू नका. फुगणाऱ्या पोटाला पोळ्यांची संख्या कळते, हिंगातल्या पिठाचा कण कळत नाही. कणाकणाचं पथ्य फक्त सिलियाकमध्ये लागतं, आणि ते उगाच पाळलं की माणूस लग्नकार्यात जेवेनासा होतो, प्रवास टाळतो. असं जगण्याआधी ते खरंच लागतं का, हे तपासून घ्यायलाच हवं.

अमेरिकेत ‘व्हीट-फ्री’ लिहिलेलं पीठ घेते. पुरेसं आहे का? — न्यू जर्सी

सिलियाक असेल तर नाही. तिथल्या कायद्याने अ‍ॅलर्जीकारक म्हणून गहू ठळक लिहावा लागतो. जव आणि राय त्या यादीत नाहीत. ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द शोधा, त्याची मर्यादा तिथेही दहा लाखांत २० भागच आहे. भारतीय दुकानातल्या ज्वारी-बाजरीच्या पिठांवर तो शब्द नसेल, तर तीच चक्की गव्हालाही वापरली असेल असं समजून चाला.

गहू कमी करायला ज्वारीची भाकरी सुरू केली, पण कडा फाटतात, उचलताना तुकडे होतात. इसबगोल घालू का? — ठाणे

ताज्या ज्वारीला इसबगोल लागत नाही. आधी पीठ बघा. दळून तीन-चार आठवडे झालेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी ते चिकटत नाही. पाकीटबंद पिठात हीच अडचण असते. आठवडा-दहा दिवसांपुरतंच दळून आणा, बारीक दळून घ्या. मालदांडी मिळाली तर उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी मऊ राहते आणि चवीलाही गोड. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर संपवावं, तिच्यातल्या तेलामुळे ते कडवट होतं.

ग्लुटेन नाही म्हणून पिठाला धरून ठेवायचं काम पिष्टाकडून करून घ्यायचं, त्यासाठी पाणी उकळतं हवं. कोमट पाण्याने ते होत नाही, भाकरी फाटण्याचं मुख्य कारण हेच. परातीत एक वाटी पीठ, चिमूटभर मीठ, मधे खळगा करून पाऊण वाटी खळखळ उकळतं पाणी घाला, चमच्याने कालवा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. मग थंड पाण्याचा हात घेत तळहाताच्या टाचेने चार-पाच मिनिटं रगडा. गोळा दाबला तर कडेला भेगा पडता कामा नयेत. पडल्या तर पाण्याचा हात घेऊन पुन्हा मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा, मळून ठेवलेलं सुकतं. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकल्याबरोबर वरून सगळीकडे पाणी फिरवा, आणि ते पाणी दिसेनासं होतंय तोच उलटा. पाणी पुरतं सुकू दिलं तर पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. थापणं जमत नसेल तर पातेल्यात वाटीभर पाणी, मीठ आणि चमचाभर तेल उकळून त्यात वाटीभर पीठ घाला, झाकून दहा मिनिटांनी गरम असतानाच मळा आणि पोळीसारखी लाटा. डब्याला ही उकडीची भाकरी जास्त बरी, संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

मधुमेह असेल तर आकारावर लक्ष असू द्या. फुलक्याला २० ते २५ ग्रॅम पीठ लागतं, भाकरीला सहज ६०-७०. दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

आमच्या ११ वर्षांच्या मुलीला सिलियाकचं निदान झालं. तिला एकटं वाटू नये म्हणून आम्ही दोघं आणि ७ वर्षांचा मुलगा, सगळेच गहू सोडतोय. बरोबर आहे ना? — नागपूर

तिच्यासोबत एकच जेवण जेवायची तुमची इच्छा फार चांगली आहे, आणि भाकरी-भात-आमटी-भाजीच्या घरात ते अवघडही नाही. घरात गहूच नसेल तर तिच्या ताटात कण जायची भीतीही संपते.

घरात पोळ्या होत असतील तोवर तिच्यासाठी पोळपाट-लाटणं, परात, चाळणी आणि तवा वेगळा ठेवा. लाकडाच्या रेघांत आणि चाळणीच्या जाळीत कणीक अडकते, धुऊन जात नाही. तिचं पीठ घरच्या चक्कीवर दळा, आणि त्या चक्कीत गहू कधीच घालू नका. बाहेरच्या गिरणीत आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात असतं, ‘आधी किलोभर ज्वारी काढून घेतो’ या आश्वासनावर सिलियाकमध्ये विसंबता येत नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका. लोण्याच्या आणि लोणच्याच्या बरणीत पोळी लागलेला चमचा जातोच, तिची बरणी वेगळी. शाळेत डबे वाटून खातात. वर्गशिक्षकांना लेखी कळवा आणि तिच्याकडे वाटण्यासारखं काही जास्तीचं द्या, राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की, म्हणजे तिला देता येईल, घ्यावं लागणार नाही. सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने तिची टीटीजी पुन्हा करतात. ती उतरत नसेल तर कुठूनतरी ग्लुटेन जातंय असं समजून स्वयंपाकघर पुन्हा तपासा.

पण तुम्ही तिघांनी गहू सोडायला थोडं थांबा. सिलियाक असलेल्याच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील आणि भावंडांत, हा आजार दहातल्या एकाला असू शकतो, आणि पुष्कळदा काहीही त्रास नसताना. तिघांची टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए या आठवड्यात करून घ्या. मुलाची आज नॉर्मल आली तरी पुढच्या काही वर्षांत ती पुन्हा करावी लागेल, किती अंतराने ते तुमचे डॉक्टर सांगतील. तेव्हा त्याच्या पोटात रोज गहू जात असायला हवा. घरात गहू नकोच असेल, तर त्याची पोळी शाळेच्या डब्यातून किंवा आजी-आजोबांकडे चालू ठेवा. आणि तुमचे तिघांचे रिपोर्ट हातात पडेपर्यंत, मुलीचं ताट सांभाळून, तुमच्या ताटात पोळी असू द्या.